करवलीला पत्र

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा पार लगदा झाला. बाबा काही न बोलता तेच जेवले, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी खर्चावरून बोलले ते चुकलं. तू कमावती आहेस, मैत्रिणीच्या लग्नासाठी काय खर्च करायचा हे तू ठरवणार. खरं तर मनात सलत होतं ते पैसे नव्हतेच. जे होतं ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी आनंदाचं लिहिते. तिला सख्खी चुलत बहीण असताना तिने तुला मेड ऑफ ऑनर केलं, हे मी आतापर्यंत चार घरी सांगून आले. शेजारच्या काकूंना म्हटलं, तिकडची मुख्य करवलीच समजा. तुला कोविड झाला तेव्हा याच मुलीने मला व्हिडिओ कॉल लावून मुगाची खिचडी शिकून घेतली होती आणि ताट तुझ्या दाराबाहेर ठेवलं होतं. हिंग मिळाला नाही म्हणून किती हळहळली होती! तेव्हापासून ती मला परकी वाटत नाही. म्हणूनच तिची काळजी वाटते.

तू सहज बोलून गेलीस, की झगा घालून बघायला गेलात तेव्हा ती ट्रायल रूममध्ये रडली. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तिच्या होणाऱ्या नवऱ्याने तिला सगळ्यांसमोर 'गप्प बस' म्हटलं. तू म्हणालीस, लग्नाचं टेन्शन आहे. असेलही. तिकडच्या माणसांचं मला काय कळतं! मी यात पडणार नाही.

तुझ्या कामांचं मात्र सांगते. झग्याचा मागचा घोळ जिन्यावर उचलून धर. अंगठ्या घालताना तिचा गुच्छ तुझ्या हातात येईल, तेव्हा त्या हातात मोबाइल नको. पर्समध्ये सुईदोरा, सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, बिस्किटाचा पुडा ठेव. नवरी सकाळपासून उपाशी असते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. भाषण तीन मिनिटांच्या वर नेऊ नकोस. तिच्या जुन्या मित्राचा उल्लेख चुकूनसुद्धा करायचा नाही, हशा मिळणार असला तरी. लग्नाआधीच्या त्या मैत्रिणींच्या हेन पार्टीत सगळ्या पीत असतील, निदान तू शुद्धीवर राहा, कारण बोलायचं असेल तर ती त्याच रात्री बोलेल. बघ, परत लेक्चर सुरू झालं. तिकडे इंग्लंडात, लीड्समध्ये एकटीने घर चालवणाऱ्या मुलीला मी पिना मोजून देतेय. रागावू नकोस.

तू सांगितलंस ना, की तिकडे चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं पुकारतात, आणि लग्नात पाद्री भर सभेत विचारतात, कुणाची हरकत आहे का? मला आपल्याकडच्या रजिस्टर लग्नाची ३० दिवसांची नोटीस आठवली. पण तिथे विचारतात ती कायद्यातली हरकत. नवरीच्या मनातलं तिथे कोण विचारतं? ते करवलीनेच विचारायचं, आणि ते सुद्धा आधी, दार लावून.

मी विचारलं नव्हतं.

१९८४ साली अक्काच्या लग्नात मी तेरा वर्षांची होते. नवा साटिनचा परकर, हातात कऱ्हा, त्यावर नारळ. मंगलाष्टकं संपेपर्यंत नारळ हलू द्यायचा नाही, एवढं आत्याने बजावलं होतं. डोळ्यांत अक्षता जात होत्या, तरी मी हलले नाही. संध्याकाळी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जीपमधून गेले. तिसऱ्या रात्री मी आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला झोपले होते. अक्का येऊन अंथरुणावर बसली. अंधारात तिने माझा हात धरला, तेव्हा मला हाताला कळलं, की डझनभर हिरव्या चुड्यातल्या चारच बांगड्या उरल्यात. घरात शिकवलेलं तसं मी विचारलं, "अक्का, बांगड्या वाढवल्यास?" ती म्हणाली, "वाढवल्या नाहीत. झोप तू. आणि आईला सांगू नकोस."

मांडवपरतणीला आलो. आईने मला परसात गाठून विचारलं, घर कसं आहे गं? पाठराखीण पाठवतात ती यासाठीच, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे. गोठ्यात तीन म्हशी आहेत."

अक्काचा हात विहिरीवर पडून मोडला असं तुम्हा मुलांना सांगितलंय. तेवढंच असू दे.

म्हणून म्हणते, तिला एकदा विचार. लग्न मोड म्हणून सांगू नकोस, तो आपला अधिकार नाही, आणि मुलगा चांगलाही असेल. फक्त एवढं विचार, की तू का रडलीस? आणि ती 'काही नाही' म्हणाली, तर लगेच सुटल्यासारखं उठू नकोस. थोडी बसून राहा. मग तिची खुशी आहे असं दिसलं, तर जोरात नाच, माझ्या वाटचंही नाच.

दोन साक्षीदारांत तुझी सही असणार, ऐकून बरं वाटलं. २०२१ पासून तिकडच्या लग्नाच्या नोंदीत आईचंही नाव लिहितात म्हणालीस. तिच्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांच्याही मनात हेच चाललं असेल.

वेळेवर जेव. उंच टाचांची चप्पल आठवडाभर आधीपासून घरात वापर.

तुझी
आई

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी अक्काला पत्र वाचून दाखवलं. तिच्या परवानगीशिवाय टाकवेना. बराच वेळ ती निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसली. मग म्हणाली, "म्हशी दोनच होत्या गं. तिसरी शेजाऱ्यांची." आणि म्हणाली, टाक.