मेस्त्री, त्या दोन पिना अजून हलल्या नाहीत

ती. मेस्त्री यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा पिकअपचा गिअरबॉक्स उतरवला. तुमच्या हातून गाडी आल्यापासून ही दुसरी वेळ. क्लच प्लेट झिजली होती, बाकी काही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली प्लेट डिझेलने धुऊन पुसली, तर तुम्ही ठोकलेल्या दोन्ही डॉवेल पिना, म्हणजे प्लेट जागची सरकू न देणाऱ्या खिट्ट्या, जशाच्या तशा. बोट फिरवलं तरी कड लागत नाही. गाडीखाली पाठीवर पडल्यापडल्याच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहायचं. तुमचं नाव मात्र घालत नाही. दुकानावर पाटी लावायलाही तुम्ही कधी तयार झाला नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. वडिलांनी ही गाडी सरकारी लिलावात घेतली होती. महिंद्राची जीप पिकअप, 1974 चं मॉडेल, हरिकेन पेट्रोल इंजिन. या इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढते, आणि म्हणूनच त्या जीपचं बॉनेट असं वर आलेलं दिसतं. इंजिन गुणी होतं, पण 2,200 सीसीला पेट्रोल पाजायचं म्हणजे शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं काम. गुळाचे तीस-तीस किलोचे पंचवीस रवे (ढेपा) भरून पन्हाळ्याच्या पलीकडून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात यायचं तर लिटरला सहा किलोमीटरसुद्धा धड मिळत नव्हते. त्यात 1990 साली आखातात भडका उडाला आणि पेट्रोल आणखी महागलं. वडील म्हणाले, गाडी विकायची नाही, डिझेल बसवायचं.

तेव्हा हे सर्रास चालायचं. महिंद्राच्याच नव्या जीपगाड्यांत प्युजोचं एक्सडीपी 4.90 इंजिन येत होतं. चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 4.90. एका अपघातातल्या जीपचं असं इंजिन वडिलांना रीतसर पावतीवर मिळालं. ते एका गॅरेजात बसवून घेतलं. गॅरेजचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. अडीच महिन्यांत गिअर पडेनासे झाले, मग क्लच प्लेटचा मधला हब फाटला आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं. ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात गाडी दारात उभी. आई रात्री रात्री जागी असायची, ते मला आजही आठवतं. इंजिनासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं.

ट्रॅक्टरला बांधून गाडी उद्यमनगरात तुमच्याकडे आणली, तेव्हा मी दहावीत होतो. तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. गाडीखाली गेलात, बऱ्याच वेळाने बाहेर आलात आणि वडिलांना म्हणालात, "पाव्हणं, इंजिन चांगलं हाय. गिअरबॉक्सबी चांगला हाय. दोघांची गाठ चुकलीया."

त्या गाठीचं काम तुम्ही कसं केलंत ते मला नीट सांगायचंय, कारण असं इंजिन बदलणारे पुष्कळ लोक इथेच चुकतात. प्युजोचं इंजिन महिंद्राने आपल्या चार गिअरच्या बॉक्सबरोबर दिलेलं. आमचा जुना बॉक्स तीन गिअरचा. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये प्लेट लागते. आधीच्या प्लेटला गॅसकटरने भोकं पाडली होती, बोल्टपेक्षा चांगली मोठी, आणि पिन एकही नाही. बोल्ट आवळताना प्लेट जिथे सरकेल तिथे बसायची. तुम्ही जाड पत्रा आणून लेथवर नवी प्लेट काढलीत आणि दोन्ही तोंडं ग्राइंडरवर समांतर करून घेतलीत. क्रँकच्या टोकाला बसणारा, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा पायलट बुश गनमेटलचा केलात.

मग फ्लायव्हीलला डायल गेज, म्हणजे बारीक फरक सुईवर दाखवणारं मापयंत्र, लावलात आणि त्याची सुई गिअरबॉक्सच्या हाऊसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलीत. मला पुलीला पाना लावून क्रँक हळूहळू फिरवायला सांगितलंत. एका फेऱ्यात सुई 22 थाऊ हलली. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य यांत 11 थाऊंचा फरक. "हेच खातंय बेअरिंगला," तुम्ही म्हणालात. बोल्ट थोडे ढिले, लाकडी हातोड्याचा एक टोला, बोल्ट पुन्हा घट्ट, पुन्हा फेरा. 15. परत. 17, उलटं गेलं. परत. दुपारी जेवायला उठलो नाही. संध्याकाळी सुई 4 थाऊंवर थांबली, तरी तुम्ही आणखी दोन फेरे घेऊन खात्री केलीत आणि मगच भोकं रिमरने नेमक्या मापाची करून दोन पिना ठोकल्यात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या फरकासाठी एक माणूस अख्खा दिवस देतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आज माझ्या वर्कशॉपमध्ये मी तसाच दिवस देतो.

बाकीची कामंही साधी नव्हती. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवलंत. पेट्रोलची टाकी उतरवून धुतलीत आणि नोझलवरून उरलेलं डिझेल परत जायला रिटर्नची नळी जोडलीत. पहिल्या गॅरेजने इंजिन रबराशिवाय चासीवर आवळलं होतं. तिथे चीर पडायला लागलेली तुम्हीच दाखवलीत. डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोर पोचवणारे गिअर, मात्र तुम्ही बदलू दिलं नाहीत. पिनियनला 8 दात, क्राऊनला 43. ओझ्याला आणि चढाला तेच बरं, फक्त साठच्या पुढे पळवू नका, इंजिन उगाच ओरडेल, असं बजावलंत. वडिलांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

आणि तो वायपर! त्या जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूम तयारच होत नाही. हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही विचारलंत, "पावसात कुठं कुठं जाता?" वडील म्हणाले, गगनबावड्यापर्यंत. तुम्ही काही न बोलता विजेची वायपर मोटर बसवलीत. त्या जुलैत घाटाच्या तोंडाशी मी वडिलांशेजारी बसलो होतो. समोर पावसाची भिंत होती आणि काचेवर वायपर फिरत होता. तुम्ही विचारलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायला मला तुम्हीच शिकवलंत. हँडपंप मारत राहायचं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, आधी फेस येतो, फुगे येतात, मग डिझेलची सलग धार लागते, तेव्हा आवळायचं. मग नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून. "फेस हाय तवर हात काढायचा न्हाई." इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा वडिलांचे डोळे भरून आले होते. तुम्ही पाहिलंत आणि मान फिरवून हत्यारं पुसायला लागलात.

एका गोष्टीचे आभार वडिलांच्या वतीने. "कोण विचारतंय" म्हणून पहिल्या गॅरेजने कागद केलेच नव्हते. तुम्ही म्हणालात, आरसी बुकात इंजिन नंबर आणि डिझेल चढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, उद्या अपघात झाला तर विमा मिळणार नाही आणि पोरं उघड्यावर पडतील. गाडीत असा बदल करण्याबद्दलचं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मला पुढे कळलं, तुम्ही ते आम्हाला साध्या शब्दांत आधीच सांगितलं होतं. वडिलांबरोबर तुम्ही स्वतः आरटीओत आलात, आपली दिवसाची मजुरी बुडवून. आज कुणाला असं काही करायचं असेल त्यांनीही इंजिनाला पाना लावण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावी, ही माझी हात जोडून विनंती.

मजुरी तुम्ही 1,200 रुपये सांगितलीत आणि गूळ विकल्यावर द्या म्हणालात. त्या हंगामात गाडीने लिटरला बारा किलोमीटर दिले. कर्ज पुढच्या पाडव्याला फिटलं. त्याच पैशांतून माझी आयटीआयची फी भरली गेली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आज सांगतोय.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. गाडी आता शेतापुरती चालते, सकाळी इंजिनाचा हीटर लावला की एका सेल्फला सुरू होते. खंडेनवमीला तिची पूजा करतो आणि शेजारी पाटावर तुम्ही दिलेला तो जुना डायल गेज ठेवतो. यंदा पूजेला तुम्ही यावं अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, म्हणून न्यायला मीच येईन. धाकटीला एअर काढायला शिकवलंय, पण फेस संपायच्या आधीच ती स्क्रू आवळते. तिला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय.

आपला,
पिकअपवाल्यांचा थोरला