मा. पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: खाडीतली बोट कोणाच्या अखत्यारीत येते?

माननीय पर्यटनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. कोकणातल्या दाभोळ खाडीत मगरी दाखवणाऱ्या एका बोटीवर आमच्या कुटुंबावर जो प्रसंग आला, त्याची लेखी तक्रार मी केली होती. "चौकशी करून कळवतो," असा शब्द मिळाला होता. काल उत्तर आले: "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." म्हणून आता चारचौघांत लिहितो.

मगरी आमच्या कृष्णेतही आहेत. भिलवडी, औदुंबरच्या बाजूला मगर दिसली की काठावर घबराट होते, पोरांना नदीवर सोडत नाहीत. माझी सहा वर्षांची नात मगरीच्या नावाने रात्री दचकून उठते. जाणकार माणसासोबत, सुरक्षित अंतरावरून तिला मगर दाखवावी, तिची भीती जावी, एवढ्यासाठी आम्ही कुंभार्ली घाट उतरलो.

पौर्णिमा होती. आम्हाला दुपारी एकची फेरी दिली होती, तेव्हा खाडी काठोकाठ होती. बोट भरत नाही म्हणून चालकाने आम्हाला धक्क्यावर ताटकळत ठेवले आणि दुसरे एक कुटुंब आल्यावर चारनंतर बोट सोडली. तोवर पाणी उतरत चालले होते. लाइफ जॅकेट मागितली तेव्हा मोठ्यांना बंद तुटलेली मिळाली. नातीच्या मापाचे एकही नव्हते. गाइड म्हणून दिलेल्या पोराला खाडीकाठच्या झाडांतले तिवर कोणते आणि कांदळ कोणते, हे सांगता येईना. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते.

चिखलावर एक मोठी मगर ऊन खात पडली होती. लांबूनही छान दिसत होती. चालकाने इंजिन चालू ठेवून बोट थेट तिच्याजवळ घातली, आणि ती हलेना म्हणून दगड मारला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी! मगर पाण्यात गेली आणि आमची बोट गाळात रुतली. रात्री नऊनंतर पाणी चढले तेव्हा ती सुटली. तोवर अंधार, डास, प्यायला पाणी नाही, आणि मगर त्याच पाण्यात आहे हे बोटीतल्या प्रत्येकाला माहीत.

माझी आई सोबत होती. २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसे बुडाली, तुम्हाला आठवत असेल. आईचे माहेर त्याच पंचक्रोशीतले. तेव्हापासून ती कुठल्याही बोटीत बसली नव्हती. "परवान्याची बोट आहे, सरकारची नजर असते," असे सांगून मीच तिला तयार केले. ती पाच तास नातीला छातीशी धरून बसली. आजही तिला नीट झोप लागत नाही, आणि नात विचारते, मगर दिसली की दगड मारायचा का?

साहेब, ओहोटी काही न सांगता येत नाही. कोकणातला मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची मोठी भरती, म्हणजे ओहोटीही तेवढीच खोल. चालकाला हे ठाऊक होते. आम्हा घाटावरच्या माणसांना नव्हते, आमची नदी दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. म्हणून धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि शेवटच्या फेरीची वेळ ठळक लिहिलेली हवी. मुलांच्या मापाची जॅकेट नसतील तर परवाना रद्द झाला पाहिजे. गाइड वन खात्याने शिकवलेला हवा, आणि मगरीपासून किती अंतरावर थांबायचे, इंजिन कुठे बंद करायचे, हे ठरलेले हवे.

हे होत नाही असे कोणी सांगू नये. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालेल्या ठाणे खाडीत ऐरोलीहून रोहित पक्षी दाखवायला बोटी जातात, त्या भरती बघून सोडतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, झाडाझाडाची माहिती देतात. मग बाकीच्या खाड्या वाऱ्यावर का सोडल्या?

कृष्णेच्या पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या लवादाने कोयनेचे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी विजेसाठी पश्चिमेला दिले. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून तुम्ही ते पोफळीच्या वीजघराला नेले, तिथून ते वाशिष्ठी नदीत आणि याच दाभोळ खाडीत जाते. ज्या सरकारला डोंगर पोखरता येतो, त्याला धक्क्यावर एक फलक लावता येत नाही? डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत नीलकमल बोटीच्या अपघातात १५ माणसे गेली, मग गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. दाभोळ खाडीत सक्ती होण्यासाठी किती माणसे जायला हवीत? महापुरात आम्ही छपरांवर बसून बोटींची वाट बघितली, तेव्हाही हे खाते त्या खात्याकडे बोट दाखवत होते. माणूस मेल्यावर मदत जाहीर करायला मात्र सगळी खाती हजर असतात.

मला भरपाई नको, तिकिटाचे पैसेही नकोत. बोट बंदर खात्याची, मगर वन खात्याची, पर्यटक तुमचा, तर बोटीत बसलेले मूल कोणाचे? त्या कार्यालयाचे नाव मला लेखी कळवा. तक्रारीची प्रत तयार आहे, त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
कृष्णाकाठचा एक नागरिक
ता. पलूस, जि. सांगली