सर्वांत मोठी मूळ संख्या असूच शकत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतला मूळ संख्यांवरचा मजकूर वाचला. गणिताला अर्धे पान मिळाले याचा आनंदच आहे. पण त्यातली दोन विधाने मुलांच्या डोक्यात तशीच राहू नयेत, म्हणून हे पत्र.

पहिले विधान असे की, नव्याने सापडलेल्या मूळ संख्येहून मोठी मूळ संख्या आता नाही. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच हे अशक्य ठरवले आहे. हाताशी असतील तेवढ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. यादीतल्या कुठल्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. म्हणजे यादीबाहेर एखादी मूळ संख्या आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली संख्या ही तोवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी, इतकेच.

ती आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. दशमान पद्धतीत तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. पानाला तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पाने लागतील! फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत मात्र ती म्हणजे नुसती एकांची रांग.

एवढी संख्या मूळ आहे हे कसे ठरवले, हा खरा रंजक भाग. तोच मजकुरात नाही. भाजक शोधत बसत नाहीत. ‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठी असलेल्या ल्युका-लेमर चाचणीत ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आले तर संख्या मूळ. १२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. तिथे पाच पायऱ्या होतात: ४, १४, ६७, ४२, १११, ०. ड्युरांट यांच्या संख्येसाठी अशा तेरा कोटींवर पायऱ्या, आणि प्रत्येक वर्ग कोट्यवधी अंकांचा.

दुसरे विधान, या शोधामुळे बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, हे. माहिती सांकेतिक करून गुप्त ठेवणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए कुलपासाठी साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर संख्या वापरणे म्हणजे किल्ली चौकात टांगणे. या शोधाचा व्यवहारी उपयोग फारसा नाही, आणि तसे सांगायला संकोच कशाला?

पुढच्या अंकात मुलांना २०४७ वर ही चाचणी करायला द्यावी, अशी विनंती. ती म्हणजे २ चा ११ वा घात वजा १. इथे घातांक ११, तोही मूळच; म्हणून पुष्कळांना २०४७ सुद्धा मूळ वाटते. पण नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. भाजक आहेत २३ आणि ८९.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा