हंगामातच माणसं घडतात: तालुक्याला गेलेल्या मित्रास पत्र

अकोला,
रोहिणी नक्षत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तालुका कृषी अधिकाऱ्याची खुर्ची मिळाली म्हणून अभिनंदन करायचं की सांत्वन, ते दिवाळीत ठरवू. कृषी सहायकांमधून (गावोगाव फिरणारे आपल्या खात्याचे कर्मचारी; आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, पण आपल्या तोंडी जुनंच) आणि गावच्या युवक मंडळांतून जबाबदारी अंगावर घेणारी माणसं कशी तयार करायची, आणि त्यासाठी जूनमध्ये तीन दिवसांचं निवासी शिबिर घ्यावं का, असं तू विचारतोस. शिबिर आत्ता नको. नागपूरच्या वनामतीत किंवा अमरावतीच्या रामेतीत, म्हणजे खात्याच्या प्रशिक्षण संस्थांत, पाठवायचं तेही नंतर. ठरवण्याची सवय खरिपात लागते, कारण तेव्हा दर आठवड्याला काहीतरी ठरवावंच लागतं आणि ते बरोबर होतं की चूक, हे वावरात दिसतं. शिबिर दिवाळीनंतर घे. तेव्हा येणाऱ्याच्या हातात हंगामाची वही असेल.

आधी तुझ्या कृषी सहायकांचं बोलू. त्यांचा दिवस कशात जातो ते पाहा. महाडीबीटी पोर्टलवरचे अनुदानाचे अर्ज, पंचनामे, पीक कापणी प्रयोग, व्हॉट्सअॅपवर जिओटॅग फोटो, आणि दुपारी अचानक लागलेली व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. दहा वर्षं वरून आलेलं खाली आणि खालून आलेलं वर पाठवणारा माणूस स्वतः ठरवायचं विसरतो, त्यात त्याचा दोष नाही. १९८०च्या दशकातल्या प्रशिक्षण व भेट योजनेवर कितीही टीका झाली असो, तिच्यात एक गोष्ट पक्की होती: पंधरवड्यातला गावाचा वार ठरलेला असायचा आणि कास्तकाराला तो पाठ असायचा. योजना गेली, तसा तो वारही गेला. तो परत आण. प्रत्येक सहायकाला त्याच्या मोठ्या दोन-तीन गावांसाठी एकेक वार दे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लाव, आणि त्या वारी तालुक्याहून बैठक लावायची नाही, फोन करायचा नाही, हे तू पाळ. बहुतेक ठिकाणी हे तिसऱ्या आठवड्यात मोडतं आणि मोडणारा अधिकारीच असतो. सहायक दोनदा आला नाही की तिसऱ्यांदा गाव जमत नाही.

आता शेतीशाळा, म्हणजे हंगामभर दर आठवड्याला वावरातच भरणारा कास्तकारांचा वर्ग. हिचं मूळ विसरू नकोस. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या प्रश्नातून ती सुरू झाली. फवारे वाढले तसे मित्रकीटक, म्हणजे किडींना खाणारे कीटक, मेले आणि तुडतुडे आणखी वाढले. मग कास्तकारानं स्वतः निरीक्षण करून स्वतः ठरवावं, यासाठी ही पद्धत बसवली गेली. आपल्याकडे तिचं बऱ्याचदा व्याख्यान होतं. बॅनर, फोटो, चिवडा, सह्या, झालं.

नीट चालवायची तर अशी: पंचवीस जण, पाच-पाचांचे पाच गट. सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येक गट वावरात शिरतो, धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या ओळी सोडून तिरपा चालत जातो, चार-पाच ठिकाणी थांबून झाडं पाहतो. पानाखालचे तुडतुडे, पात्या (कपाशीच्या कळ्या) आणि फुलं, ढालकिडे, कोळी, जमिनीची ओल, सगळं मोजून कागदावर झाडाचं चित्र काढून लिहितो: डावीकडे शत्रूकीटक, उजवीकडे मित्रकीटक, खाली आपला निर्णय. मग एक जण उभा राहून तो मांडतो आणि बाकीचे चार गट त्याला पेचात पकडतात. मांडणारा दर आठवड्याला बदलायचा, ही अट सोडू नकोस. सोडलीस की गावातला नेहमीचाच बोलका माणूस सोळा आठवडे बोलतो आणि बाकीचे चोवीस मान हलवतात.

सहायकाचं काम इथं अवघड आहे, कारण त्याला गप्प राहायचं आहे. त्यानं तीनच प्रश्न विचारावेत: काय दिसलं, किती दिसलं, आता काय करणार? ‘साहेब, तुम्हीच सांगा कोणतं औषध मारू’ असं कुणीतरी म्हणणारच. तिथं त्यानं औषधाचं नाव सांगितलं की त्या दिवसाची शाळा संपली. अर्थात गट धोक्याचा निर्णय घेत असेल तर त्यानं बोलायचंच. पण ते कागद मांडून झाल्यावर, आधी नाही.

जबाबदारी द्यायची ती चुकीची किंमत पाहून. पहिलं काम असं निवड, की चुकलं तर कुणाचं वावर बुडू नये. ते काम आत्ताच समोर आहे: सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणं. युवक मंडळातल्या पोरापोरींना दे. गोणपाट ओलं करायचं, त्यावर न निवडता काढलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, दुसरा ओला तुकडा वर टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी फक्त निरोगी कोंब मोजायचे. एका कास्तकाराच्या तीन गुंडाळ्या, त्यांची सरासरी. सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी तीस किलो. त्याखाली दर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे पासष्टला साडेबत्तीस. साठच्या खाली आलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. चुका ठरलेल्या असतात: चांगले दाणे वेचून मांडतात, म्हणून आकडा फुगतो, गोणपाट निथळत ठेवतात, म्हणून दाणे सडतात, आणि मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवल्यानं टरफल आधीच फुटलेलं असतं, त्याचा दोष जातो चाचणीला. आकडा घरावर खडूनं लिहायला लाव. ज्या पोरीनं पन्नास घरांचे आकडे काढले, तिला पेरणीच्या आठवड्यात लोक आपण होऊन विचारतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची तिफण काढू नका, हे मग तिनं सांगितलं तरी ऐकलं जातं.

दुसरी पायरी कपाशीतल्या सापळ्यांची. पेरणीनंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी, पात्या लागायच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची गोळी (ल्युर) लावून बोंडअळीचे नर पतंग पकडणारे सापळे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, शेंड्याच्या फूटभर वर, आणि पऱ्हाटी वाढेल तसे वर सरकवत न्यायचे. रोज सकाळी वहीत नोंद. सलग तीन रात्री दर रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा एकरी वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, तर नुकसानीची मर्यादा ओलांडली, उपाय करायची वेळ आली.  इथं काय बिघडतं? कालचे पतंग न काढता आज पुन्हा मोजतात. ल्युर महिनोन्महिने तीच राहते. सापळा दोन फुटांवरच राहतो आणि पऱ्हाटी छातीला लागते. आणि तंबाखूचा खर्रा घोटलेल्या बोटांनी ल्युर लावतात! हे पोरांना हसत सांग, पण सांग. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते सगळ्यांना आठवतं, म्हणून या वहीला लगेच वजन येतं. डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमललेलं फूल, ओळखून तोडायला शिकवणं याच पायरीवर.

त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दमट हवा होती, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. यात तुझ्या कामाचा मुद्दा असा की पंप बऱ्याचदा मजुराच्या पाठीवर असतो आणि शेतीशाळेच्या यादीत नाव सातबारावाल्याचं असतं. पंचवीसांत चार-पाच तरी फवारणी करणारे मजूर घे, त्यांच्या बुडालेल्या मजुरीची सोय कर, नाहीतर ते येणार नाहीत. डब्यावरचा त्रिकोण वाचणं, म्हणजे लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि ‘वारा सुटला आहे, आज मारत नाही’ असं मालकाला सांगता येणं, ही तिसरी पायरी. तिच्यात जो टिकला, त्याच्या बाजूनं तू आणि सहायक दोघांनी उघडपणे उभं राहायचं. एकदा मागे सरलास, तर वर्षभर कुणी पुढे येत नाही.

पैसा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट होतं: योजना आली म्हणून दहा सभासद आणि पाच संचालक जमवून शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवतात, वीस-बावीस वर्षांच्या पोराला संचालक करतात आणि पहिल्याच वर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रं आणि भावकीचे आरोप यांत तो मोडतो. आधी सामूहिक खरेदी करू दे, तीही छोटी: रायझोबियम (बियाण्याला लावायचं जिवाणू खत), ट्रायकोडर्मा (रोगाविरुद्धची उपयोगी बुरशी), सापळे. पंधरा दिवस आधी लेखी मागणी, तीन दुकानांचे भाव, पैसे दोघांच्या सहीनं, आणि बिल गटासमोर मोठ्यानं वाचायचं. खत-बियाण्याची खरेदी लगेच घेऊ नकोस. जूनमध्ये रोख नसते, कास्तकार कृषी केंद्राच्या उधारीत असतो, आणि गटात आला तर ती उधारी तुटते. त्याला ते परवडत नाही. दुकानदाराशी भांडू नकोस, त्यालाही शेतीशाळेला बोलाव.

माणसं कुठली निवडायची, हे सगळ्यात जास्त चुकतं. सगळे जण गावातला हुशार पोरगा उचलतात. तो पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतो, नाहीतर अभ्यासिकेत असतो; निकाल लागला की गेला. त्यानं जावंच. तू तिशीच्या आसपासचे बघ, जे पुण्याला जाऊन परत आले आहेत आणि ज्यांच्याकडे स्वतःचं किंवा बटाईचं वावर आहे. आणि सुना बघ. लेकी लग्न होऊन जातात, सुना राहतात. उमेदच्या, म्हणजे सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांत वर्षानुवर्षं नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब चालवणाऱ्या बायका तुला आयत्या मिळतील. गावात शेतीचं मार्गदर्शन करणारी कृषी सखी आधीच त्यांच्यात आहे. फक्त शेतीशाळा सकाळी अकराला लावू नकोस, तेव्हा त्या निंदणाला असतात. त्यांचा वर्ग दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर, नाहीतर संध्याकाळी. ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथं लोक ठरल्या वेळी जमायला सरावलेले असतात. प्रार्थनेनंतरची वीस मिनिटं मागून घे.

प्रत्येक कामावर दोघं ठेव, एकटा नको. मे-जूनमध्ये बदल्या होतात, माणूस आजारी पडतो, लग्नसराई येते. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे कृषीदूत-कृषीकन्या, कार्यानुभवासाठी आले की त्यांची जोडी गावच्या पोराशी लाव. त्यांना फाइल पूर्ण करायची असते, ती होऊ दे; पण प्रात्यक्षिक गावच्या पोरानं करायचं आणि कृषीदूतानं बाजूला उभं राहून सांभाळायचं.

जुने पुढारी आणि नवी पोरं यांच्यात ठिणगी पडणार. त्यावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची रीत मला सगळ्यात शहाणी वाटते. त्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथं अभ्यासगट चालत होता. अभ्यासगटात फक्त चर्चा, निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगटात कुणी हरत नाही, म्हणून तिथं कालचं पोरगंही सरपंचाला प्रश्न विचारू शकतं. तुझ्या शेतीशाळेनं गावाचे निर्णय घ्यायला जाऊ नये. आकडे आणि पर्याय ग्रामसभेपुढे ठेवावेत. वेळ लागतो, हे खरं आहे.

तुझी मासिक बैठक बदल. लक्ष्यांकाचं वाचन कागदावर दे. पहिला अर्धा तास एका सहायकानं वावरातला एक अडलेला प्रश्न मांडायचा, बाकीच्यांनी विचारायचं, आणि तू सगळ्यात शेवटी बोलायचं. गावात गेलास तर मागे बस. सहायक चुकला तरी लोकांसमोर दुरुस्त करू नकोस. परतताना गाडीत विचार. किती शेतीशाळा झाल्या, याला फार किंमत देऊ नकोस. वह्या उघड आणि अक्षर कुणाचं आहे ते पाहा. सगळीकडे सहायकाचंच असेल तर अजून काही हललेलं नाही. सप्टेंबरमध्ये एका वारी सहायकाला मुद्दाम दुसऱ्या गावी पाठव, कुणाला न सांगता. गट जमला, वावर पाहिलं, कागद मांडला, तर त्या गावाला पुढच्या वर्षी सामूहिक खरेदी दे. नाही जमला तर रागावू नकोस, पुन्हा सापळ्याच्या पायरीवर आण.

हे सगळं तालुकाभर एकदम करू नकोस, सहा गावं पुरे. कुठली ते कळव, आणि प्रत्येकाच्या आठवडी बाजाराचा वारही लिही. ठरवलेला वार बाजाराच्या दिवशी आला तर कुणी येणार नाही. गोणपाट मात्र उद्याच भिजवायला लाव. मृग दारात आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र