अण्णा, फाईल तुम्ही माझ्या हातात दिलीत

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ओ, त्यात काय" म्हणता आणि चहा सांगता. विषय तिथंच संपतो. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. सोलापुरात अशोक चौकाच्या आसपास ज्यांच्या टॉवेलच्या लूमचं इलेक्ट्रॉनिक कार्ड कधी उडालं असेल आणि तुम्ही ते दुरुस्त करून दिलं असेल, त्यांना नाव न घेताही कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुम्ही दुरुस्त केलेल्या माझ्या गाडीबद्दल थोडं. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्याच्या सॅन मोटर्सची, १९९८ साली आलेली, दोनच सीटची, उघड्या टपाची. बॉडी फायबरग्लासची, आत रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही याहून जास्त असते. पण ही हलकी आहे, जमिनीलगत धावते, आणि आपल्या देशात दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवायची हिंमत त्या काळी किती जणांनी केली? माझा तिच्यावर जीव आहे, यापुढे दुसरं कारण मला देता येत नाही.

इंजिनाचं काम करताना कॅमशाफ्ट बदलला, इनटेक आणि एक्झॉस्ट मोकळा केला. आता हवा जास्त येणार म्हणजे पेट्रोलही त्या मानाने द्यावं लागणार, ठिणगीची वेळही बदलणार. कंपनीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, हे जाणत नाही. त्याच्या पोटात जुन्या इंजिनाचा हिशेब पक्का बसवलेला, तो उघडून बदलायची सोय नाही. म्हणून मोकळा, आपल्याला हवा तसा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचा तक्ता, घालता येईल असा स्वतंत्र (स्टँडअलोन) ईसीयू बसवायचं ठरलं आणि गाडी बाहेरगावी एका नावाजलेल्या ट्यूनरकडे दिली.

त्यांनी काय केलं ते तुम्ही बॉनेट उघडल्या उघडल्या पाहिलंत. मूळ वायरिंग कपलरपाशी कचाकच कापलेलं, जोड नुसते पिळून वर टेप. भारी किमतीचा ईसीयू बसवला, त्यात कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा तयार मॅप ओतला आणि वर पासवर्ड टाकून कुलूप लावलं. चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी मिसिंग मारायला लागली. तक्रार केली की आधी "पेट्रोल खराब", मग "इंजिनच दमलंय". पासवर्ड मागितला तर "मॅप आमचा आहे, तो देता येत नाही". पैसे माझे, इंजिन माझं, डबासुद्धा मीच विकत घेतलेला, आणि आत काय लिहिलंय ते बघायचा अधिकार मला नाही! दुसऱ्या एकाने तर लॉक आहे म्हटल्यावर हातच लावला नाही. "भंगारात काढा, दुसरी घ्या," म्हणाला. ते वाक्य अजून जात नाही मनातून.

टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या मित्राने तुमच्याकडे धाडलं. तुम्ही आधीच सांगितलंत, "गाडीचं काम मी कधी केलं नाही. पण सिग्नल तो सिग्नल. बघू की." मी होईल या आशेने आलो होतो, पण तुम्ही मला होईल असं एकदाही म्हणाला नाहीत. फोन उलटा ठेवलात, स्टूल पुढे ओढलंत आणि गाडी घेतल्यापासूनचं सगळं मला सांगायला लावलंत. मधे एकदाही तोडलं नाहीत. त्याआधी कुणी माझं बोलणं पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

आणि मग तो टायमिंग लाइट, ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. कुलूप मॅपला होतं, पण तपासणीपुरती ठिणगीची वेळ दहा अंशांवर कायम धरून ठेवता येत होती; तशी धरली की आरपीएम कितीही वाढवला तरी पुलीवरची खूण एकाच जागी दिसली पाहिजे. तुम्ही खुणेवर पांढरा रंग लावलात, लाइट रोखलात आणि मला हळूहळू रेस करायला सांगितलंत. खूण जागची सरकायला लागली. रेस वाढवेन तशी पुढे पुढे पळत होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पेट्रोल नाही, इंजिन नाही. वायर उलटी आहे ओ." फ्लायव्हीलचे दात मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या. चुंबकी सेन्सरचं हेच असतं, वायर उलटली तरी गाडी चालू होते, पण कॉम्प्युटर सिग्नलची चुकीची बाजू धरून बसतो आणि वेग वाढेल तशी चूक वाढते. दोन वायरींची अदलाबदल केलीत, पुन्हा लाइट धरलात. खूण खिळल्यासारखी उभी राहिली. केबलवरच्या जाळीचं अर्थिंगही दोन्ही टोकांना दिलेलं तुम्ही एकाच टोकाला ठेवलंत. रेपियर लूमच्या एन्कोडर केबलला तुम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलात. एवढं दोन वायरींचं काम, आणि माझं इंजिन दमलेलं ठरवून मोकळे झाले होते लोक.

कुलूपबंद डबा तुम्हाला नकोच होता. त्याच्या जागी स्पीडुइनो नावाचा ईसीयू बसवायचं ठरवलंत. त्याचा आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही खुले, जगातल्या कुणालाही बघता येतात, बदलता येतात. बोर्ड तुम्ही स्वतः सोल्डर केलात, कापलेली प्रत्येक वायर नव्याने जोडून तिला कागदी चिठ्ठी लावलीत. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आधीच्या लोकांनी इंजिनाला चिकटून बसवला होता, तो तुम्ही पुढे मोकळ्या हवेत नेलात. सोलापूरच्या मे महिन्यात चाळिशीपार पाऱ्यात इंजिनाच्या अंगची उष्णता मोजून पेट्रोलचा हिशेब करायचा म्हणजे तो चुकणारच.

मॅप बनवायला तुम्ही तुमच्या वयाला त्या ठेंगण्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलात. पहाटे, रस्ता रिकामा असताना, वाईडबँडच्या, म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग ते दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्यावर डोळा ठेवून. सावकाश चालीला १४.७ च्या आसपास, पूर्ण ॲक्सिलरेटरवर साडेबारा-तेराच्या दरम्यान. एकदा वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ व्हायला, म्हणजे पेट्रोल कमी पडायला लागलं तेव्हा मी "अजून थोडं ओढू का?" विचारलं. तुम्ही लॅपटॉप मिटलात. "आज नको. पिस्टन जळालं तर माझं काय जातंय? तुमचं जातंय." आपल्या नुकसानाची अशी काळजी करणारा कारागीर मला तोवर भेटलाच नव्हता.

पण अण्णा, हे पत्र ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट याहून लहान आहे. काम संपलं, पैसे देऊन झाले, मी किल्ली घेऊन निघालो. तुम्ही "थांबा" म्हणालात आणि ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढलात. त्याला लूमवरच्या सुताचा निळा धागा बांधलेला. "मॅप यात आहे. पासवर्ड नाही. गाडी तुमची, मॅप पण तुमचा. उद्या मी नसलो तर कुणाकडं पण न्या." आणि सोबत ती शाळेची दोनशे पानी वही. कुठली वायर कुठून कुठे, रंग कोणता, फ्यूज कितीचा, सगळं तुमच्या बारीक अक्षरात, काही ठिकाणी तेलुगूत. तेलुगू मला वाचता येत नाही, तरी ती पानं मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो.

तुम्हाला ही साधी गोष्ट वाटली असेल. मला दुकानाबाहेर गाडीत बसल्यावर भरून आलं. ज्यांच्याकडे मोठ्या पाट्या आणि महागडी यंत्रं आहेत त्यांनी माझीच वस्तू मला परकी केली होती. तुम्ही जे शिकलात, राबून जमवलंत, ते गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवायला वापरायची संधी समोर होती आणि तुमच्या मनात तसं आलंसुद्धा नाही. सोलापुरात अशी माणसं अजून आहेत. मागावर बसणारी, कार्ड दुरुस्त करणारी, शिकायला आलेल्या पोराला हातचं राखून न शिकवणारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ती गवगवा करत नाहीत. मला तो करावासा वाटतो.

आणखी एक सांगायचं होतं. माझ्यासारखीच गाडी असलेल्या एकाचा परवा फोन आला होता. त्याचाही ईसीयू असाच कुणीतरी कुलूप लावून दिलाय. मी त्याला मॅपची आणि वहीतल्या पानांची प्रत पाठवली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "विचारता काय" म्हणाला असता, म्हणून आधी पाठवली आणि आता कळवतोय.

कोल्ड स्टार्टचं, म्हणजे गार इंजिन नीट चालू होण्याचं, काम तुम्ही थंडीवर सोडलंय, ते लक्षात आहे. मेच्या उकाड्यात ते जमणार नाही, हेही पटलं. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत रात्रभर गाडी बाहेर उभी करतो आणि पहाटे इंजिनाला हात न लावता तुम्हाला न्यायला येतो. घरून निघताना स्वेटर घाला, टप उघडाच असेल.

तुमचा ऋणी,
स्टॉर्मवाला