पुरवणीतला खाण्याचा दिवस आणि प्रवाशाचे पोट

माननीय संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ‘अमुक शहरात खाण्याचा एक दिवस’ अशा धर्तीचे लेख अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. सकाळी एका कॅफेत न्याहारी, अकराच्या सुमारास दुसरीकडे कॉफी, दुपारी जुन्या नावाजलेल्या उपाहारगृहात भरपेट जेवण, चारला बेकरी, सहाला आणखी एक कॅफे, रात्री गच्चीवरचे रेस्टॉरंट आणि झोपण्यापूर्वी कोठेतरी काहीतरी गोड, असा त्यांचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. कामानिमित्त परगावी राहून दोन्ही वेळचे जेवण बाहेरच घेणाऱ्या वाचकांपैकी मी एक असल्याने हे लेख मी हौसेपेक्षा गरजेपोटी वाचतो, त्यांची कात्रणे जपून ठेवतो आणि जमेल तेव्हा त्यातल्या ठिकाणी जाऊनही येतो. लेखकांच्या रसनेबद्दल माझी तक्रार नाही. पदार्थ बहुतेकदा त्यांनी लिहिले तितकाच चांगला निघतो. तक्रार एवढीच की, एका माणसाने, एकाच पोटानिशी, सामान सांभाळत, सकाळपासून रात्रीपर्यंत हे सगळे कसे जमवावे याचा विचार या लेखांत कोठेही आढळत नाही, आणि प्रवाशाला नेमकी तीच माहिती हवी असते.

पहिला प्रश्न पोटाचाच घेऊ. निरोगी माणसाने बेताचे आणि फारसे तेलकट नसलेले जेवण घेतले, तरी जठर जवळपास रिकामे व्हायला साधारण चार तास लागतात. तेला-तुपाचे प्रमाण वाढले की हा वेळही वाढतो. लेखातल्या ठिकाणांमध्ये मात्र दोन-अडीच तासांचे अंतर असते, म्हणजे आधीचे खाणे पुढे सरकलेलेच नसताना पुढचे ताट समोर येते. तरीही ते खावेसे वाटते, आणि त्याला कारण आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, एखादा पदार्थ पोटभर खाल्ल्यावर त्या पदार्थाची गोडी चांगलीच उतरते, पण न खाल्लेल्या पदार्थांची गोडी तितकी उतरत नाही. त्यामुळे दर दोन तासांनी नवे ठिकाण आणि नवी चव समोर आली की माणूस भूक नसतानाही खातो, आणि ‘आज खूप खाल्ले तरी जड वाटले नाही’ असे लेखात लिहूनही मोकळा होतो. ते रात्री जाणवते, तोवर मजकूर छपाईला गेलेला असतो. या घाईत अन्याय होतो तो पाचव्या-सहाव्या ठिकाणावर. भरल्या पोटी चाखलेल्या पदार्थाला लेखकाने दिलेला ‘ठीकठाक’ हा शेरा त्या स्वयंपाक्याच्या हाताविषयी काहीच सांगत नाही, पण तो छापला जातो आणि त्या उपाहारगृहाला चिकटून राहतो.

कॉफीचे गणित तर याहून सरळ आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास चिंतेचे कारण नाही, असे मत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिले. गर्भवती स्त्रियांसाठी ही मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे २०० मिलिग्रॅम आहे. कॅफेतल्या मोठ्या कपात शंभरच्या पुढे कॅफीन सहज असू शकते, तेव्हा न्याहारीसोबत एक, अकराला एक, चारला बेकरीत एक आणि सहाला ‘खास’ एक, असा बेत पाळणारा वाचक संध्याकाळपर्यंत त्या मर्यादेशी येऊन ठेपतो. शिवाय शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कॉफीतले अर्धे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडायची असलेल्या माणसाला हे आधी कळले तर तो चारच्या कपावरच थांबेल. कॉफीच्या पेल्यावरील फेसाच्या नक्षीचे छायाचित्र लेखासोबत हमखास असते, त्या जागेत ही दोन वाक्ये सहज मावली असती.

आता वेळेविषयी, कारण माझ्या मते या लेखांतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. दुपारी साडेतीनला बैठक आटोपून प्रवासी लेखात वाखाणलेल्या ठिकाणी पोहोचतो. दार उघडे असते, आत दिवे चालू असतात आणि फोनवरही ‘रात्री अकरापर्यंत सुरू’ असेच दिसत असते. आत पाऊल टाकल्यावर कळते की अर्ध्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढवल्या आहेत, फरशी नुकतीच पुसलेली असल्याने ओली आहे, आणि गल्ल्याजवळच्या टेबलाशी बसून वेटर स्वतःचे जेवण जेवतो आहे. तो ताटावरून मान वर करून सौजन्यानेच सांगतो की भटारखाना तीनला बंद झाला, आता चहा-कॉफी तेवढी मिळेल. त्याला दोष देण्याचे कारणच नाही. सकाळपासून उभे असलेल्या माणसांना दोन घास खायला आणि पाठ टेकायला हाच वेळ मिळतो, त्याच वेळात भांडी निघतात, रात्रीची चिराचिरी आणि वाटण होते आणि शेगडीचा परिसर धुऊन घेतला जातो. पण ठिकाण बंद होण्याची वेळ आणि शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेखकाने लिहायला हवे होते. तीच गोष्ट साप्ताहिक सुट्टीची. अनेक चांगली उपाहारगृहे शनिवार-रविवारची गर्दी निभावल्यानंतर आठवड्यातला एखादा दिवस बंद असतात; लेखक सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो आणि वाचक कामाच्या दिवशी जाऊन कुलूप पाहतो.

येथे थोडा इतिहास आठवतो. अठराव्या शतकात युरोपातील खाणावळींमध्ये ठरावीक वेळी, एकाच मोठ्या टेबलाभोवती, अनोळखी माणसांसोबत बसून समोर येईल ते खायचे, अशी सर्वसाधारण रीत होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जी नवी रेस्टॉरंटे निघाली, त्यांची नवलाई केवळ पाककलेत नव्हती. स्वतंत्र टेबल, किमतींसह छापलेली पदार्थांची यादी आणि आपल्या सोयीच्या वेळी येण्याची मुभा या तीन गोष्टी त्यांनी ग्राहकाला दिल्या. सुमारे अडीचशे वर्षांनंतर आपल्या पुरवणीतील लेखात बसण्याची सोय, किंमत आणि वेळ हीच तीन कलमे गाळलेली असावीत, हा योगायोग मला तरी बोचतो.

बसण्याच्या सोयीबद्दल फार लिहीत नाही, पण एकटा प्रवासी ही जमात लेखकांच्या गावीही नसते. हे लेख बहुधा तीन-चार मित्रांनी मिळून खाल्लेल्या जेवणावर बेतलेले असतात, त्यामुळे ‘चार पदार्थ मागवा आणि वाटून खा’ हा सल्ला त्यात असतोच. एकट्याला हाफ प्लेट मिळते का, गर्दीच्या वेळी एकट्याला बसवून घेतात की अर्धा तास बाकावर ताटकळत ठेवतात, चाकांची बॅग ठेवायला टेबलाखाली जागा आहे का, जिने किती चढावे लागतात आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, हे कोणी लिहीत नाही. यांतला शेवटचा मुद्दा संकोचामुळे वगळला जात असावा, परंतु दिवसभर बाहेर असलेल्या स्त्रियांना, वृद्धांना आणि मधुमेहींना पदार्थाच्या वर्णनापेक्षा त्या एका ओळीचा अधिक उपयोग होईल.

अन्नाच्या सुरक्षिततेबाबतही लेखकांना बरेच काही पाहता येण्यासारखे असते. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, गरम अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचे अन्न शक्यतो ५ अंशांच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत सांगितले आहे, कारण या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. प्रवासी खिशात तापमापक घेऊन फिरत नाही हे खरे. तरी मांडून ठेवलेल्या जेवणातील भांड्यांतून वाफ निघते आहे की नाही, आणि भांडे रिकामे होत आले की ते बदलले जाते की जुन्यावरच नवे ओतले जाते, एवढे तर टेबलावरून दिसते. यातून निघणारा व्यवहारी सल्ला असा की, ज्या ठिकाणी जेवण आधी शिजवून मांडलेले असते तेथे गर्दी सुरू होताना जावे, गर्दी ओसरल्यावर नव्हे. आपले लेखक मात्र छायाचित्रे नीट यावीत म्हणून नेमके गर्दी ओसरल्यावर जातात, असे त्या रिकाम्या टेबलांच्या चित्रांवरून दिसते.

ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर हे लेख जवळजवळ निरुपयोगी आहेत. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही चौदा ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. त्यांत शेंगदाणे, दूध, अंडी, तीळ, मोहरी आणि ग्लूटेनयुक्त धान्ये येतात. असा नियम जेथे नाही, किंवा कागदावरच आहे, तेथे प्रवाशाला वेटरच्या अंदाजावर विसंबावे लागते. लेखकाने प्रत्येक ठिकाणी ‘या पदार्थात दाणे आहेत का, आणि तळणीचे तेल सगळ्याला एकच का’ एवढे विचारून मिळालेले उत्तर छापले, तरी ते ठिकाण ग्राहकाला किती गांभीर्याने घेते हे वाचकाला कळेल. ‘थांबा, आत विचारून येतो’ हे उत्तर मला स्वतःला ‘नाही हो, काही नसते’ या उत्तरापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते.

खाण्याच्या ठिकाणांच्या याद्या मुळात कोणासाठी निघाल्या, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मिशलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी जी पुस्तिका फुकट वाटली, तिच्यात टायर कसा बदलावा, दुरुस्ती कोठे होईल, इंधन कोठे मिळेल आणि मुक्काम कोठे करावा याची माहिती होती. उपाहारगृहांना तारे देण्याची पद्धत १९२६ मध्ये आली. अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीन बुक’चे प्रयोजन तर त्याहून मूलभूत होते. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या उपाहारगृहात दारातून परत पाठवले जाणार नाही आणि कोणत्या घरी मुक्कामाला जागा मिळेल, हे त्यात असे, आणि १९६०च्या दशकापर्यंत ते निघत राहिले. तेथे बसून जेवता येईल का, हा प्रश्न त्या यादीत चवीच्या आधी येत असे. आपल्या लेखांत तो प्रश्न विचारलाच जात नाही, कारण लेखक आमंत्रित पाहुणा असल्यास त्याला तो पडतच नाही.

येथे मला संपादकांना थेट विचारायचे आहे की, या लेखांतील जेवणाचे बिल कोण भरते? ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९५७ पासून खाद्यविभाग सांभाळणारे क्रेग क्लेबोर्न यांनी ओळख न देता जाणे, एकाच ठिकाणी अनेकदा जेवणे आणि बिल वृत्तपत्राने भरणे असा शिरस्ता घालून दिला. प्रत्येक ठिकाणी अनेकदा जाणे आपल्याला परवडणार नाही, हे मी समजू शकतो. परंतु लेखक निमंत्रणावरून गेला होता की स्वखर्चाने, हे लेखाखाली एका ओळीत सांगण्यास खर्च येत नाही. निमंत्रिताला बिलच येत नसल्याने बिलाची रचनाही वाचकापर्यंत पोहोचत नाही. मेनूकार्डावरील किमतीत कर धरला आहे का, सेवाशुल्क आपोआप जोडले जाते का, जोडले असल्यास वर टिप ठेवणे अपेक्षित आहे का, न मागता टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचे पैसे लागतात का, हे सारे त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. परक्या शहरात, मागे टेबलासाठी लोक उभे असताना, त्यावर वाद घालण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते.

माझी सूचना एवढीच आहे की, पुढच्या लेखात सातऐवजी तीन ठिकाणे घ्यावीत आणि त्यांपैकी एक तरी दुपारी तीन ते सहा या आडवेळी खरोखर जेवण देणारे असावे. लेखकाने तेथे एकट्याने, आठवड्याच्या मधल्या दिवशी, नाव न सांगता जावे आणि वर लिहिलेल्या बाबींपैकी ज्या दिसतील त्या नोंदवाव्यात. जागेअभावी तेवढेही छापणे शक्य नसेल, तर प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ आणि सुट्टीचा वार तरी द्यावा. त्याला अर्धी ओळ पुरते.

कळावे,
आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक