फोर्कलिफ्ट शिकवणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

स्टोअर आणि डिस्पॅचच्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं शेजारच्या शेडमधल्यांच्याही कामाचं आहे.

‘3 टनांची गाडी म्हणजे 3 टन उचलणारच’ हा समज तुम्ही पहिल्याच तासाला मोडलात. पाटीवरचे 3 टन हे 500 मिमी लोड सेंटरचे, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दात्यांच्या) उभ्या भागापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर 500 मिमी असतानाचे. दीड मीटर लांब पेटीचा मध्य 750 मिमीवर जातो, तिथे गाडीची ताकद बरीच घटते. मग मागची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग त्याच चाकांना असल्यामुळे गाडी उलटण्याआधीच हाताबाहेर जाते. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर माल हळूच तिथेच टेकवायचा. काउंटरवेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जड वजनावर, दोन माणसं चढवून वजन उचलायची सवय तुम्ही सोडवलीत, त्यासाठी तर हात जोडून आभार.

फोर्कच्या टाचेला, म्हणजे उभा भाग आडव्याला मिळतो त्या कोपऱ्याला, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवलंत. बाकी सगळं लक्षात राहतं, टाच मात्र कुणी बघत नाही. जमिनीवर घासून तीच झिजते. 40 मिमीचा फोर्क 36 वर आला की बाद, वेल्डिंग करून वापरायचा नाही. फोर्क वर उचलणाऱ्या साखळीचा 300 मिमीचा तुकडा ताणून 309 भरला, तर साखळीही बदलायची.

माल घेऊन उतारावर उतरताना रिव्हर्समध्ये, माल चढाच्या बाजूला. रिकामी गाडीही जोरात वळवली तर आडवी होते. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, म्हणून रॅक आणि गाडी यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही.

आणि सगळ्यात मोलाचं: बसून चालवायची गाडी कलंडू लागली तर उडी मारायची नाही. उडी मारणारा नेमका छताच्या दांड्याखाली सापडतो. पट्टा बांधलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले, अंग पडत्या बाजूच्या उलट. हे तुम्ही प्रत्येकाला सीटवर बसवून करून घेतलंत.

एक विनंती आहे, सर. रात्रपाळीच्या पोरांचं ट्रेनिंग अजून राहिलंय. त्यांच्यासाठी दोन तास काढा. रिकामी गाडी आणि व्हर्निअर आम्ही तयार ठेवतो.

आपले,
स्टोअर आणि डिस्पॅचचे सर्व कामगार